सोवळ्यात दोघंच

मला स्वयंपाक आईनं शिकवला, पण चुलीपुढे शेजारी बसून नाही. आमच्या घरात तेव्हा महिन्यातले ते दिवस बाईनं मागच्या पडवीत काढायचे आणि कशालाही शिवायचं नाही, असा कडक कायदा होता. कावळा शिवला म्हणायचं आणि विषय संपवायचा. इतर घरांत अशा वेळी सासू असते, जाऊ असते, हाताशी आलेली पोर असते. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या भाड्याच्या घरात आई, बाबा आणि मी, एवढेच. शेजारून डबा आणावा तर बाबांना परक्याच्या हातचं चालायचं नाही, हॉटेलचं नाव काढलं तर त्याहून चालायचं नाही, आणि स्वतः चुलीपुढे बसावं तर कचेरीतली हेडक्लार्कची खुर्ची आड यायची. म्हणून माझी मुंज होताच मला चुलीपुढे बसवलं. मुंज झाली म्हणजे पोराला सोवळं नेसता येतं, आणि सोवळं नेसता येतं म्हणजे भात लावता येतो, असं बाबांचं गणित. भात लावायला सोवळ्याखेरीज आणखी काही लागतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

स्वयंपाकघर आणि मागची पडवी यांच्यामध्ये एक भिंत होती आणि भिंतीत गजांची खिडकी. आई पडवीत त्या खिडकीखाली पोतं अंथरून बसायची. तिला मी दिसत नव्हतो, मला ती दिसत नव्हती. तिथून ती अख्खा स्वयंपाक नुसत्या कानांनी करवून घ्यायची. "मोहरी अजून तडतडून राहिली, थांब. घाई काहून करतो? हं. थांबली आता. टाक हिंग." भाताला आधण आलं की आवाज जाड असतो, पाणी आटत आलं की तो बारीक होतो आणि तळाशी पोचला की नुसतं सूं सूं ऐकू येतं, तेव्हा निखारे ओढून घ्यायचे. वरण उतू जायच्या आधी एकदम गप्प होतं. कढी मात्र गप्प न होता वर येते, म्हणून तिच्यासमोरून उठायचं नाही. हे सगळं मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. एकदा तेल तापायच्या आत मी जिरं टाकलं. काही आवाजच नाही. पडवीतून आई म्हणाली, "झाली का जिऱ्याची आंघोळ?" आणि आम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंना हसत बसलो.

मीठ तेवढं ऐकू येत नाही. पडताना आवाज नाही, त्याला वास नाही. म्हणून मी मीठ तळहातावर घ्यायचो आणि गजांतून हात बाहेर काढून आईला दाखवायचो. ती न शिवता नुसती पाहायची. "एवढं नको. पेराच्या अलीकडे ठेव. हं, आता पुरे." चाखून पाहायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे रोजचं जेवणसुद्धा आधी देवापुढे ठेवायचं, आणि देवापुढे ठेवायच्या अन्नाला जीभ लावली की ते उष्टं. तेव्हा वासावर, आवाजावर आणि तळहातावर सगळी भिस्त. दरवर्षी माझा हात वाढायचा आणि दरवर्षी आई माप कमी करायची. "हात वाढला गा तुझा," ती म्हणायची, आणि त्यात तिला इतकं कौतुक वाटायचं की मी उगाच दुसरा हातही दाखवायचो.

हे वाचून माझ्या सुनेला राग येणार. म्हणेल, बाईला पडवीत पोत्यावर बसवत होते आणि तुम्ही फोडणीची कौतुकं सांगता. तिचं खरं आहे. पण मला तेव्हा राग आला नाही हेही खरं. मला ते दिवस आवडायचे. एरवी आई बाबांची असायची, देवाची असायची, दारावर आलेल्या भाजीवालीची असायची. त्या दिवसांत ती माझ्याशी आणि फक्त माझ्याशी बोलायची. गल्लीतली पोरं मला बाईमाणूस म्हणून चिडवायची, ते मी खुशाल चिडवून घेतलं. त्यांच्या घरी सकाळी काय शिजतं ते मला त्यांच्या दारावरून जाताना वासावर कळायचं आणि कुणाची डाळ करपली हे मी त्यांच्या आयांना सांगून यायचो. अशा पोराला कोण फार दिवस चिडवणार.

मॅट्रिक झालो, कॉमर्सला गेलो, आणि तिथं बसून माझा जीव नुसता आंबायला लागला. आमच्या गल्लीतला वसंता माझ्याहून थोडा मोठा. तो मुंबईच्या एका केटरिंग कॉलेजात गेला होता. उन्हाळ्याच्या सुटीत आला तेव्हा पांढरा कोट आणि पांढरी उंच टोपी पिशवीत घालून आणली होती. ती टोपी घालून तो आमच्या ओट्यावर बसला आणि म्हणाला, "अबे दिगू, तू काहून इथं सडून राहिला? तिथं आमच्या वर्गातल्या पोरांना जिरं अन् शहाजिरं ओळखता येत नाही. तू तर डोळे मिटून रांधतो बे. चल माझ्यासंगं." तोवर मला हे ठाऊकच नव्हतं की असलं काही शिकवायला कॉलेज असतं, त्याला परीक्षा असते, आणि तिथून निघालेल्या माणसाला मोठमोठ्या हॉटेलांत साहेबासारखा पगार देतात. मी आईला सांगितलं. ती चाळणीत गहू चाळत होती. चाळता चाळता म्हणाली, "टोपी बरी आहे."

आजीच्या आजारपणाचं, म्हणजे वसंताच्या आजीच्या, काहीतरी निमित्त करून मी त्याच्याबरोबर मुंबईला जाऊन मुलाखत देऊन आलो. बाबांना वाटलं सोबत म्हणून गेलो. मुलाखतीत एका जाड भिंगाच्या गृहस्थांनी मला गॅसच्या शेगडीपुढे उभं केलं आणि डाळीला फोडणी द्यायला सांगितली. दिली. "चव बघ," ते म्हणाले. मी म्हटलं, "सर, मी चव घेत नाही." "मग मीठ बरोबर आहे हे कशावरून?" मी तळहात दाखवला. ते हसले, स्वतः चमचा घेऊन चाखलं, शेजारच्यालाही चाखायला दिलं आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. निघताना ते मला म्हणाले, "इथं चव घेतल्याशिवाय काहीही बाहेर जात नाही, हे शिकावं लागेल." ते वाक्य मी तेव्हा कौतुक म्हणून ऐकलं. माझी जागा पक्की झाली. त्या वर्षी कसल्याशा संपामुळे वर्ग उशिरा, भाद्रपद संपता संपता सुरू व्हायचे होते.

घरी कळलं तेव्हा बाबा ओरडले नाहीत. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, "आचारी होणार? लग्नघरात मागच्या दाराशी बसून बिडी ओढणारा आचारी? त्यासाठी मी तुला कॉमर्सला घातलं?" मी म्हटलं तसं नसतं ते. ते म्हणाले, "दादांना विचारावं लागेल." दादा म्हणजे माझे मोठे काका. शहरातच बर्डीला राहायचे, घराण्यातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांना विचारायचं म्हणजे नाही ऐकायचं, हे मला माहीत होतं. तोंडाशी आलेला घास गेला असं वाटलं. तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबांसमोर ती सहसा बोलायची नाही. म्हणाली, "असं तोंडी काय विचारता भाऊजींले? यंदा महालक्ष्मीचा सगळा स्वयंपाक त्याले करू द्या. भाऊजी जेवतील, सगळं गणगोत जेवेल. हात धुतल्यावर भाऊजी म्हणतील ते खरं." बाबांना हे पटलं. काकांनाही निरोप गेला आणि ते म्हणे हसून म्हणाले, पाहू तर खरं.

माझी आई माझ्यासाठी बाबांशी बोलली. मी दोन दिवस हवेत होतो. तिचे पाय धरावेत असं वाटलं, आणि मी ते धरलेही; पाणी भरून येत होती, म्हणाली, "सोड गा, हंडा सांडतो."

महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, त्यांच्या बाळांसकट आमच्याकडेच बसायच्या, कारण मोठ्या काकूंना दमा आणि चुलीच्या धुराचं वावडं. जेवणाच्या दिवशी पहाटेपासून मी आणि आई सोवळ्यात. मी आजोबांचा मुकटा नेसलो होतो, ती धाबळी. सोवळ्यात असलेल्यांशिवाय कुणी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. विहिरीचं पाणी मीच काढलं, चुली मीच पेटवल्या. आईनं कबूल केलं होतं की ती फक्त पुरणपोळ्या लाटेल, बाकी कशात हात घालणार नाही. आणि दुपारपर्यंत तिनं तो शब्द पाळला. सोळा भाज्यांची भाजी, ज्वारीची आंबील, पंचामृत, वडे, भजी, घारगे. चुलीवरच्या प्रत्येक गंजातून वेगळा आवाज येत होता आणि मी एकाकडून दुसऱ्याकडे जात होतो. उभ्या आयुष्यात मी इतका आनंदात कधी नव्हतो, हे आज या वयात, नातवंडं झाल्यावर लिहितो आहे. मधे एकदा आई लाटणं थांबवून माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं तिला भरून आलं.

कढी सगळ्यात शेवटी ठेवली. मोठ्या काकांचा जीव कढीवर. वाटी तोंडाला लावून पीत आणि पंगतीत दोनदा मागून घेत. कढीत मीठ शेवटी घालतात, नाहीतर ताक फाटतं. मी तळहातावर मीठ घेतलं, सवयीनं आईकडे हात केला, तिनं मान हलवली, मी मीठ टाकलं. तेवढ्यात मोठ्या काकू केळीची पानं द्यायला दाराशी आल्या. मी ती घ्यायला वाकलो आणि त्यांचा पदर माझ्या दंडाला लागला. झालं, सोवळं मोडलं. आता पुन्हा आंघोळ, पुन्हा ओलं नेसणं. काकू बिचाऱ्या ओशाळल्या. आई म्हणाली, "जा पटकन, मी ढवळत बसते कढी." मी विहिरीवर गेलो. परत आलो तेव्हा कढी छान उकळत होती, आई पळी फिरवत होती, गोडलिंबाचा वास घरभर झाला होता. नैवेद्य दाखवला, पानं वाढली, पंगत बसली.

देवीच्या प्रसादाला नाव ठेवत नाहीत. आमच्याकडे कितीही काही बिघडलेलं असो, पंगतीत कुणी चकार शब्द काढणार नाही. त्यामुळे पहिल्यांदा मला काही कळलंच नाही. पुरणपोळीला वाहवा झाली, भाजी संपत आली. मी कढीचा गंज घेऊन पंगतीतून फिरलो. वाढताना माणसं वाटी पुढे करतात, तशी कुणी करेना. पहिली वाढलेली कढी वाट्यांत तशीच. जो तो पाणी मागतोय. पाण्याची घागर दोनदा भरून आणावी लागली. मी मोठ्या काकांसमोर आलो. त्यांची वाटी रिकामी होती. प्रसाद टाकायचा नाही म्हणून त्यांनी ती शेवटच्या थेंबापर्यंत संपवली होती आणि कपाळाला घाम आला होता. मी विचारलं, "काका, कढी?" त्यांनी वाटीवर हात आडवा धरला. असं त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं.

हात धुऊन, सुपारी तोंडात टाकून ते ओसरीवर बसले आणि मला जवळ बोलावलं. चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "दिगंबर, तू हे देवीच्या पानावर वाढलंस. मिठाची खाण केली आहेस कढीची. घरच्या देवीला नीट जेवू घालता येत नसेल तर परक्यांना काय घालणार?" सगळे ऐकत होते. मी आत गेलो, गंजातली कढी वाटीत घेतली आणि प्यालो. जीभ आखडली. उलटी होईल इतकी खारट होती. मी गंजापुढे उकिडवा बसलो आणि हिशेब केला. स्वयंपाकघरात सोवळ्यात दोघंच होतो, आई आणि मी. तिसरं कुणी आत येणं शक्यच नव्हतं. म्हणजे चूक माझी. इतकं सरळ होतं ते. दुसरा काही विचार माझ्या मनाला शिवला नाही, आणि तो शिवला नाही याची आजही मला लाज वाटत नाही. कुठल्या मुलाच्या मनाला शिवेल?

आई माझ्याशेजारी येऊन बसली. पाठीवरून हात फिरवला. माझा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "हात वाढला गा तुझा. मलेही लक्षात आलं नाही."

मी त्यावर विश्वास ठेवला. वयात आलेल्या मुलाचा हात एका वर्षात वाढतो, मापं चुकतात, यात न पटण्यासारखं काय होतं? आणि मग बाबांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. गणगोत गेल्यावर, ऊन उतरल्यावर, ते मागच्या अंगणात आले. मी केळीची पानं गाईपुढे टाकत होतो. ते म्हणाले, "हे बघ, दादा बोलले ते बोलले. एका दिवसाच्या मिठावरून कुणाचं आयुष्य ठरवू नये. बाकी स्वयंपाक उत्तम झाला होता. मला काही तुझं ते कॉलेज कळत नाही, पण जायचं असेल तर जा. दादांना मी सांगतो." माझ्या बाबांनी, ज्यांनी दादांचा शब्द कधी खाली पडू दिला नाही, त्यांनी हे म्हटलं. मी म्हटलं, "नको बाबा. माझा हात बिघडलाय." ते म्हणाले, "विचार कर." मी म्हटलं, "केला." आई तिथंच होती, खरकटं गोळा करत. तिनं सगळं ऐकलं. मान वर करून ती म्हणाली, "त्याले नाही जायचं तर कशाले जबरदस्ती करून राहिले?" बाबा आत गेले. मुंबईची गाडी ज्या दिवशी धरायची होती त्या दिवशी मी कॉलेजात जमाखर्चाचं व्याख्यान ऐकत बसलो होतो.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. बी.कॉम. झालो, बाबांच्या ओळखीनं एका कचेरीत चिकटलो, टाइपरायटरच्या खडखडाटात पस्तिशीकडे निघालो. वसंता आधी बोटीवर आणि मग परदेशात कुठल्याशा हॉटेलात मुख्य झाला. नागपूरला आला की माझ्यासाठी विलायती सुरी आणायचा आणि मी ती तशीच कपाटात ठेवायचो. आईचे ते दिवस यायचे तेव्हा रांधणं मलाच भाग होतं, पण आता मी भाताला मीठ घालतानाही थबकायचो. खिडकीतून हात दाखवायचो, मग मीठ थोडं कमी करून पुन्हा दाखवायचो. "बरोबर आहे, टाक," आई म्हणायची. तरी मला खात्री वाटायची नाही. लग्न झालं आणि मी चूल सोडली ती सोडलीच. सुनंदा, माझी बायको, वर्ध्याची. तिला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं की मला स्वयंपाक येतो. मी कधी सांगितलं नाही. सांगून काय सांगणार?

एका रविवारी सकाळी सुनंदाच्या हातून वरणात मीठ जास्त पडलं. मी ताटावरून उठलो. खारट मला का चालत नाही, ते मी तिला कधी समजावून दिलं नव्हतं. दुपारी ती आणि आई अंगणात बाजेवर मुगवड्या घालत बसल्या होत्या. बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी आतल्या खोलीत चष्मा शोधत होतो. सुनंदाचा आवाज रडवेला होता. आई तिची समजूत घालत होती, छान मजेत, हसत हसत. "अवं, मिठाचं काय घेऊन बसली? याच्यापायी रडते काय कोणी? तो नाही का, दिगू, महालक्ष्मीच्या दिवशी कढी खारट झाली म्हणून सगळं सोडून बसला. त्याच्या हातून कधी मीठ चुकलं नाही वं. ते तर मी टाकलं. तो आंघोळीले गेला अन् मी चांगलं मूठभर टाकलं. नाही तर हा चालला होता मुंबईले कोंबड्या कापाले. मग तू कुठून आली असती माझ्या घरात?"

सुनंदा हसली नाही, कारण तिला मी दारात दिसलो होतो. आईनं तिची नजर पाहून मान वळवली. तिच्या बोटांना डाळीचं वाटण लागलेलं होतं. ती दचकली नाही. आणि माझ्या अंगातून जे गेलं ते काय होतं, हे मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. राग नंतर आला. आधी आलं ते असं, की पायाखालची फरशी आहे का ते पाहावं. या घरात मी ज्या एका माणसावर डोळे मिटून, अक्षरशः न पाहता, विसंबून राहिलो, ते हे माणूस होतं.

"आई, हे खरं आहे?"

"हो ना. आता काय त्याचं? किती वर्षं झाली."

"तुला नको होतं तर नको म्हणायचं होतंस. परीक्षा तू काढलीस. बाबांशी तू बोललीस. मी तुझे पाय धरले."

"नको म्हटलं असतं तर तू रागावून गेला असता. रागावून गेलेलं पोरगं परत येते काय? माहा भाऊ आला काय?" तिचा धाकटा भाऊ काटोलच्या घरातून बापाशी भांडून गेला तो पुन्हा दिसला नव्हता. मला ते माहीत होतं. माझ्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही.

मी म्हटलं, "आणि बाबा जा म्हणत होते तेव्हा? तू तिथं उभी होतीस. तेव्हा एक शब्द बोलली असतीस तरी मी गेलो असतो."

"तेव्हा मी काय केलं?" तिनं खरंच आश्चर्यानं विचारलं. "तू म्हणला नाही जात. मी कुठं थांबवलं तुले? तूच थांबला."

मला आणखी एक विचारायचं होतं, कारण मला ते समजतच नव्हतं. या बाईनं आयुष्यभर देवाच्या घासाला जीभ लागू दिली नाही, स्वतःला पडवीत कोंडून घेतलं, एवढ्याशा पदरासाठी मला दोनदा आंघोळ करायला लावली. म्हटलं, "देवीच्या पानावरची कढी नासवताना तुला काही वाटलं नाही?" ती वडी घालता घालता थांबली. "वाटलं ना. देवीले सांगूनच टाकलं मी. म्हटलं माय, तुह्याजवळही तुही बाळं बसवली आहेत, तुले समजते." देवीला तिनं विचारलं होतं. मला विचारायचं तेवढं राहिलं.

लोक म्हणतात, एक वाट गेली, दुसरी मिळाली, खाऊनपिऊन सुखी आहेस, कशाला उगाळतोस. सुनंदाही म्हणाली, आईच ती, तिचा जीव तुटला असेल. तुटला असेल. पण मी हॉटेलचा साहेब झालो नाही याचं दुःख मी कधी केलं नाही. मुंबईला जाऊन कदाचित मी चार महिन्यांत रडत परतलो असतो. तिनं माझं जाणं थांबवलं असतं तर मी भांडलो असतो आणि विसरलो असतो. तिनं माझा हातच वाईट ठरवला. जो हात तिनं खिडकीतून पाहून पाहून घडवला, तो तिनं स्वतः हातात घेऊन, कुरवाळून, मला खोटा म्हणून सांगितला, आणि पुढं वर्षानुवर्षं मी तो खिडकीतून तिलाच दाखवत राहिलो आणि ती "बरोबर आहे" म्हणत राहिली. हे मला गिळता आलं नाही. सुनंदा म्हणाली, आता तरी करा एकदा कढी. मी चुलीपर्यंत, म्हणजे तोवर गॅस आला होता, गॅसपर्यंत गेलो आणि परत फिरलो. माझ्या हाताची मला खात्री देणारं माणूस आता जगात उरलं नव्हतं.

तरी आम्ही एकाच घरात राहिलो. दुसरीकडे कुठं जाणार होतो? शहराच्या टोकाला हुडकेश्वरला प्लॉट घेतला, छोटं घर बांधलं, आईला बरोबर नेलं. तिचं सगळं वेळच्या वेळी केलं, औषधपाणी, चष्मा, देवदर्शन. कुणी बोट ठेवू शकणार नाही. फक्त तिच्याशी बोलणं मोजकं झालं. ती पूर्वीसारखीच भरभरून बोलायची, आणि मी हो, नाही, बघतो. तिला ते कळत होतं की नाही, हे मला बरेच दिवस उमगलं नाही.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा संत्र्यांचा मोसम होता. तिच्या माहेरच्या शेतातली संत्री आली होती. दुपारी मी खाटेशी बसून संत्रं सोलायचो, फोडीची साल काढून तिच्या तोंडात द्यायचो, आणि ती सावकाश चघळायची. अशाच एका दुपारी तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "राग गेला का गा तुझा?"

कुठला राग, असं मी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. मरणाच्या दारातल्या बाईला माणूस हो म्हणतो. मी म्हटलं, "नाही, आई."

तिनं मान हलवली, जणू बाजारभाव विचारला होता आणि तो तिच्या अंदाजाइतकाच निघाला. बी काढून वाटीत टाकली आणि पुढच्या फोडीसाठी तोंड उघडण्याआधी म्हणाली, "राहू दे. तू तर आहे ना इथं."